सेवेचं नाव उताऱ्यावर लागत नाही

भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 सालचा. त्यातल्या काही कलमांखाली उदाहरणं म्हणून चार-चार ओळींच्या गोष्टी दिलेल्या आहेत. गोष्टींतल्या माणसांना नावं नाहीत, नुसती अक्षरं आहेत. एकसष्टाव्या कलमाखालच्या एका गोष्टीत ‘अ’ प्रकृतीने खंगलेला आहे. ‘ब’ त्याच्या पाठीस लागतो, अमुक तऱ्हेचं मृत्युपत्र कर म्हणून पिच्छा पुरवतो. शेवटी ‘अ’ ते करून टाकतो, कारण त्याला एवढीच आशा असते की आता तरी हा गप्प बसेल. कायदा म्हणतो, हे मृत्युपत्र रद्दबातल. त्याच कलमाखाली दुसरी गोष्ट आहे. तिथेही ‘ब’ आग्रह करतो, गळ घालतो. पण ‘अ’ची बुद्धी शाबूत आहे. तो स्वतः विचार करतो आणि ‘ब’ सांगतो तसंच मृत्युपत्र करतो. हे मृत्युपत्र चालतं.

दोन्ही घरांत दारातून डोकावणाऱ्याला एकच दृश्य दिसेल: थकलेलं माणूस, उशाशी बसलेलं एक मूल, कागद आणि पेन. फरक आहे तो त्या थकलेल्या माणसाच्या मनात, आणि खटला उभा राहतो तेव्हा ते माणूस सांगायला उरलेलं नसतं.

एक घर डोळ्यांसमोर आणू. लांजा तालुक्यातलं समजा. घर आणि दीड एकर कलमांची बाग आईच्या नावावर, तिच्या स्वतःच्या मालकीची. वडील आधीच गेलेले. थोरला डोंबिवलीत, मधली बहीण कोल्हापुरात सासरी, धाकटा गावातच. आई आठ वर्षं हळूहळू थकत गेली आणि शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळली. थोरला औषधांचे पैसे न चुकता पाठवायचा, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. बहीण मे महिन्यात पंधरा दिवस येऊन राहायची, आईचे केस धुऊन द्यायची, तिच्याजवळ झोपायची. उरलेले दिवस धाकट्याचे, आणि खरं सांगायचं तर धाकट्याच्या बायकोचे. कूस बदलणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावणं, रात्री दोनदा उठणं हे तिच्या वाट्याचं. आई गेली, तेरावं झालं, आणि ट्रंकेतून कागद निघाला. घर आणि बाग धाकट्याला.

थोरला म्हणतो, आईला शेवटी माणसं ओळखू येत नव्हती, सही कसली करते ती. बहीण म्हणते, मेमध्ये मी तिच्या शेजारी झोपत होते, मला एका शब्दाने बोलली नाही. धाकटा म्हणतो, आठ वर्षं कुठे होतात? तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नाही, असं धरून पुढे जाऊ. मला या विषयात हीच अवस्था सगळ्यांत अवघड वाटते. लबाडी असली तर निवाडा सोपा असतो.

कागद निघालाच नसता तर काय झालं असतं? हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 सालचा. त्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे आईची मिळकत मुलगे, मुली आणि हयात असेल तर नवरा यांच्यात सारखी वाटली जाते. म्हणजे तिघांना एकेक तृतीयांश. कोण जवळ राहिलं, कोणी काय केलं याचा तिथे प्रश्नच येत नाही. हा कायदा नातं बघतो. मुलीच्या लग्नात किती खर्च केला, थोरल्याच्या शिक्षणासाठी कोणतं शेत विकलं, हेही वजा होत नाही. ‘तिला लग्नात दिलं ना सगळं’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, पण कायद्याच्या हिशेबात त्याची किंमत शून्य आहे. आणि ते ठीकच आहे, कारण लग्नात दिलेलं मुलीच्या हातात किती राहतं हे आपल्याला माहीत आहे.

वडिलोपार्जित जमिनीचा प्रश्न वेगळा. तिथे हक्क जन्माने येतो, ही मिताक्षरेची शिकवण. तो हक्क पूर्वी फक्त मुलग्यांना होता. महाराष्ट्राने 1994 मध्ये आपल्यापुरती दुरुस्ती करून मुलींना त्यात आणलं, पण तेव्हा ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्या बाहेर राहिल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने सगळ्याच मुलींना तो हक्क मिळाला, आणि वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. म्हणून कोणत्याही मृत्युपत्राकडे पाहताना पहिला प्रश्न हा विचारावा: जे लिहून दिलं आहे, ते देणाऱ्याचं एकट्याचं होतं का? वडिलोपार्जित मिळकतीत बाप मृत्युपत्राने फार तर स्वतःचा हिस्सा देऊ शकतो. मुलीचा हिस्सा त्याच्या हातात नसतोच.

आता त्या सुनेकडे वळतो, कारण या सगळ्या प्रकरणात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

तीन वर्षं जिने रात्री उठून काढली ती सून सासूची वारस नाही. नवऱ्याला वाटा मिळाला तर तो नवऱ्याचा. याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. समजा धाकटा आईच्या आधी गेला, आणि विधवा सुनेने सासूला शेवटपर्यंत सांभाळलं. सासऱ्याच्या मिळकतीत अशा सुनेला पहिल्या वर्गाची वारस म्हणून वाटा आहे. सासूच्या मिळकतीत मात्र मुलं आणि नातवंडं असताना तिला काही नाही. तिची मुलं बापाच्या जागी येतात, ती स्वतः येत नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी 2007 साली कायदा झाला, त्यातही ‘मुलं’ या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात आहेत. सून तिथेही नाही. महाराष्ट्रात म्हाताऱ्या माणसांची सेवा कोण करतं हे एखाद्या परक्या माणसाने फक्त आपले कायदे वाचून शोधायचं ठरवलं, तर त्याला ती बाई सापडणारच नाही.

सातबाऱ्यावर पीक लागतं, बोजा लागतो, विहीर लागते, झाडं लागतात. सेवा लागत नाही. ती ज्या एकाच कागदावर लिहिता येते तो म्हणजे मृत्युपत्र. आपल्या मिळकतीतलं हवं ते हव्या त्या माणसाला देण्याची मोकळीक तिथे आहे. मुलाला, मुलीला, सुनेला, सांभाळणाऱ्या शेजारणीला. मृत्युपत्र असतंच मुळी वारसाहक्काचा नेहमीचा क्रम बदलण्यासाठी, असं न्यायालयंही म्हणत आली आहेत.

पण गाठ इथेच आहे. कोर्ट ज्या गोष्टींना संशयास्पद परिस्थिती म्हणतं, त्या जवळजवळ सगळ्या सेवा करणाऱ्याच्या घरात आपोआप जमलेल्या असतात. म्हातारं माणूस आजारी, परावलंबी. लाभ होणारं मूल सतत जवळ. वकिलाला तेच घेऊन आलं, साक्षीदार त्याच्याच ओळखीचे. बाकीची भावंडं लांब, त्यांना पत्ता नाही. लिहिता-वाचता येणाऱ्या आईचा सहीऐवजी अंगठा, कारण हात थरथरतो. लबाड मुलाच्या घरातही हेच दिसतं आणि जीव ओतून करणाऱ्याच्या घरातही.

या विषयावर आजही ज्या निकालाचा आधार घेतला जातो तो 1958 सालचा, एच. वेंकटचल अय्यंगार विरुद्ध बी. एन. थिम्मजम्मा हा. तो लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. जन्माने साताऱ्याचे, पुढे 1964 ते 1966 देशाचे सरन्यायाधीश. त्यांनी मांडलेला मुद्दा साधा आणि गंभीर आहे. इतर दस्तऐवजांवर वाद झाला तर सही करणारा येऊन सांगू शकतो. मृत्युपत्राचा वाद उभा राहतो तोच ते करणारा जग सोडून गेल्यावर. म्हणून मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यानेच ते खरं असल्याचं दाखवायचं, आणि परिस्थितीत संशयाला जागा असेल, विशेषतः ज्याला लाभ झाला त्यानेच ते करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर तो संशयही त्यानेच दूर करायचा. विचारी माणसाच्या मनाची खात्री पटली पाहिजे, एवढीच कसोटी. मला हा नियम न्याय्य वाटतो. त्याच्यामुळे कितीतरी म्हाताऱ्यांच्या अंगठ्यांचं रक्षण झालं असेल. पण सेवा करणाऱ्याला तो काय सांगतो तेही ऐकायला हवं: तुझं जवळ असणं हाच तुझ्याविरुद्धचा पहिला प्रश्न आहे.

थोरल्याचा मुद्दा राहिला, आईला समजत होतं का. एकोणसाठाव्या कलमाखाली पुन्हा अशाच गोष्टी आहेत आणि त्यांतल्या दोन मला पाठ आहेत. एकीतला माणूस अशक्त, थकलेला आहे, पण आपल्या मिळकतीची व्यवस्था कशी लावावी हे त्याला ठरवता येतं. त्याचं मृत्युपत्र चालतं. दुसरीतल्या माणसाला आजूबाजूला काय चाललंय ते कळतं, ओळखीच्या प्रश्नांची उत्तरंही देता येतात. पण आपली मिळकत काय आहे, आपली जवळची माणसं कोण, कुणाला देणं उचित होईल, याची पुरती समज त्याला राहिलेली नाही. त्याला मृत्युपत्र करता येत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांबरोबर जे राहिलेत त्यांना ही दुसरी गोष्ट लगेच ओळखू येईल. आई ‘चहा घेतला का’ म्हणून विचारते, नातवाला हाक मारते, आणि पाहुणा परत जाऊन सांगतो की अगदी ठणठणीत आहेत हो. चहा विचारता येणं आणि बाग कुणाला द्यावी हे ठरवता येणं यांत बरंच अंतर आहे. ते अंतर शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याने चार ओळींत पकडलं आहे. उलट बाजूही आहे. आई चालू शकत नाही, ऐकू कमी येतं, बोलताना धाप लागते, म्हणून तिला समजत नव्हतं असं होत नाही. आंधळ्या किंवा बहिऱ्या माणसालाही आपण काय करतोय हे कळत असेल तर मृत्युपत्र करता येतं.

घरात आणखी एक घोटाळा होतो, तो कागदांचा. बँकेच्या ठेवीला थोरल्याचं नाव नॉमिनी म्हणून असतं आणि तो समजतो ठेव आपली. तसं नाही. बँकेने पैसे कुणाच्या हाती द्यायचे एवढंच नॉमिनेशन ठरवतं, नॉमिनीला ते वारसांना द्यावे लागतात. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी हेच सांगितलं. सोसायटीतल्या फ्लॅटचंही तेच. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याप्रमाणे खरा वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. फेरफाराबद्दलही असाच गैरसमज. तलाठ्याकडे वारसनोंद झाली, फेरफार मंजूर झाला, म्हणजे मालकी ठरली असं गावात धरतात. महसुली नोंद सारा कुणाकडून घ्यायचा हे सांगते. मालकीचा वाद दिवाणी कोर्टातच सुटतो. या दोन गोष्टी वेळेवर कळल्या तर अर्ध्या तरी भांडणांची पहिली ठिणगी पडणार नाही, असं मला वाटतं.

बहिणीबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. मृत्युपत्र नसलं की बहुतेकदा तिच्यापुढे हक्कसोडपत्र येतं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत भाऊ घेऊन जातात, येताना साडी होते, जेवण होतं. ती सही का करते? अनेकदा मनापासून करते. अनेकदा माहेर उघडं राहावं म्हणून करते. दिवाळीला कुणीतरी बोलवावं, भाऊबीजेला ओवाळायला ताट असावं, मुलीच्या लग्नात मामा उभा राहावा, याची किंमत ती आपल्या तृतीयांशाने चुकवते. ज्या बहिणी सही करत नाहीत त्यांना गाव लोभी म्हणतं. भावाने तीच मिळकत मागितली तर त्याला तसं म्हणत नाही. यावर माझं मत ठाम आहे: हक्क सोडायचा की नाही हे बहिणीने ठरवावं, पण आधी तिला हिश्शाचा नकाशा आणि बाजारभाव कागदावर दाखवावा. न दाखवता घेतलेल्या सहीचं ओझं भावाच्या मुलांपर्यंत जातं.

एक वाट बक्षीसपत्राची असते. जिवंतपणी घर एका मुलाच्या नावावर करून द्यायचं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलामुलींना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये, त्यामुळे मोह होतो. पण मृत्युपत्र केव्हाही बदलता येतं, बक्षीसपत्राने मालकी त्याच दिवशी जाते. नंतर मुलगा विचारेनासा झाला तर? 2007 च्या कायद्याचं तेविसावं कलम अशा वेळी आधार देतं: सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकतं. त्यासाठी ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी. ‘प्रेमापोटी व मायेपोटी’ एवढंच लिहून वकिलाकडून परतलेल्या आईवडिलांना पुढे ती अट शाबीत करताना नाकी नऊ येतात.

बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की भाषा तीच, पण वारशाचा विचार पार बदलतो. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आणि आता तिचा वारशाचा भाग राज्याच्या 2012 च्या कायद्यात आहे. तिथे धर्म कोणताही असो, आईबापाला मुलांना पूर्ण डावलता येत नाही. मालमत्तेचा निम्मा भाग मुलांसाठी राखीव, उरलेल्या निम्म्यापुरतीच मृत्युपत्राची मुभा. त्यातही नवराबायकोची मालमत्ता सामाईक असेल तर आधी निम्मी जोडीदाराची. मूल पूर्ण वगळायचं तर कायद्याने नेमून दिलेलं गंभीर कारण लागतं. आणि जिवंतपणी एखाद्या मुलाला जे दिलं असेल ते वाटणीच्या वेळी हिशेबात परत मिळवतात, म्हणजे आपल्याकडे हवेत राहणारा ‘तिला तेव्हा दिलं होतं’ हा वाद तिथे आकड्यांत उतरतो. तुकडे न पडणाऱ्या घरासाठी वारसांच्या आपसात बोली लावायची सोय आहे. ज्याला घर हवं त्याने चढी बोली लावावी, बाकीच्यांचे पैसे चुकते करावेत. गोव्याच्या रहिवाशाचा फ्लॅट मुंबईत असला तरी त्यालाही गोव्याचाच कायदा लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये ठरवलं. मुस्लिम कायद्यातही मृत्युपत्राला मर्यादा आहे: वारसांची संमती नसेल तर एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही. हिंदूंच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर तसं कोणतंही कुंपण नाही. गोव्याची पद्धत मला भावंडांसाठी अधिक शांततेची वाटते, पण लांज्यातल्या त्या सुनेला सासूची सेवा केली म्हणून तिथेही हक्काने काही मिळालं नसतं. मिळालं असतं तर उरलेल्या निम्म्यातून, आईने लिहून ठेवलं असतं तर.

तेव्हा आईनेच लिहायला हवं, आणि लवकर लिहायला हवं. मृत्युपत्राचं नाव काढलं की घरात ‘अभद्र बोलू नका’ म्हणतात. बरेच जण ‘इच्छापत्र’ म्हणतात ते त्यासाठीच. म्हणा, पण सत्तरीत लिहा, अंथरूण धरण्याची वाट पाहू नका. कायद्याला फार लागत नाही. साधा कोरा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. नोंदवलेलं बरं, पण नोंदवलेल्या मृत्युपत्रालाही आव्हान देता येतं. करणाऱ्याची सही किंवा अंगठा लागतो आणि दोन साक्षीदार लागतात. दोघांनीही तिला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ‘ही माझीच सही’ असं तिच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि मग तिच्यासमोर स्वतःची सही करावी. मन बदललं तर पुन्हा नवं करता येतं.

कायदा मागत नाही अशी एक गोष्ट मात्र मी प्रत्येक आईवडिलांकडे मागेन. कारण लिहा. थोरल्याला बाग का दिली नाही ते त्याचं नाव घेऊन लिहा, आणि त्याने पाठवलेल्या पैशांचीही आठवण त्याच कागदावर ठेवा. मुलीला काय देताय, काय देत नाही आणि का, ते तिला मे महिन्यात समोर बसवून सांगा. सुनेला द्यायचं असेल तर तिच्याच नावाने द्या, मुलाच्या नावामागे झाकू नका. वगळलेल्या मुलाचा उल्लेखच नसलेलं मृत्युपत्र कोर्टाला खटकतं, कारण आई त्याला विसरली होती की तिला विसरायला लावलं, हे कळत नाही. कारण लिहिलेलं असलं की थोरल्याला राग येईल, पण आईला समजत नव्हतं असं म्हणणं त्याला जड जाईल.

ज्याला द्यायचं आहे त्याला लिहिताना, वकिलाकडे जाताना आणि सही करताना खोलीबाहेर ठेवा. गावातल्या डॉक्टरांकडून त्याच दिवशी तपासून दाखला घ्या. आणि साक्षीदार आईच्या वयाचे नकोत. वाद झाला तर दोघांपैकी निदान एकाने कोर्टात उभं राहून सांगावं लागतं, आणि ती वेळ दहा-बारा वर्षांनीही येऊ शकते. शेजारची तिशीतली शिक्षिका चालेल, पलीकडच्या वाडीतला दुकानदार चालेल, ज्याचा या घराशी दमडीचा संबंध नाही असा कुणीही. त्या दिवशी त्या शिक्षिकेला कायद्याचं काही विचारणार नाहीत. काय पाहिलं एवढंच विचारतील. आणि ती सांगेल: काकी पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. धाकटे आणि त्यांची बायको बागेत गेले होते. काकींनी चष्मा पुसला, कागद सगळा वाचला, दुसऱ्या पानावरची गुंठ्यांची एक चूक दाखवून दुरुस्त करून घेतली, आणि मग सही केली.